दोन म्हशींचा हिशेब

बडोद्यासारख्या शहरात वाढलेल्या आम्हांला दूध म्हणजे सकाळी दाराशी येणारी पिशवी, एवढेच ठाऊक होते. पिशवी उशिरा आली की आम्ही कुरकुरत असू. परंतु त्या दुधापायी किती चारा, किती पाणी आणि किती कष्ट खर्ची पडतात, हा विचार आमच्या मनाला कधी शिवला नव्हता.

गेल्या हिवाळ्यात आमच्या वर्गाची सहल आणंदला गेली. त्यापूर्वी थोडेच दिवस आम्ही पर्यावरणावरील वक्तृत्वस्पर्धेत बक्षीस मिळवले होते. गाईम्हशी रवंथ करताना मिथेन वायू बाहेर टाकतात आणि शंभर वर्षांच्या हिशेबाने त्याची उष्णता धरून ठेवण्याची शक्ती कर्बवायूच्या सुमारे २७ पट असते, हे आम्ही व्यासपीठावरून ठणकावून सांगितले होते. “जनावरे कमी करा!” या आमच्या शेवटच्या वाक्याला टाळ्या पडल्या होत्या.

आणंदजवळच्या एका खेड्यात आम्ही पहाटेच पोहोचलो. दूधमंडळीच्या दाराशी बायाबापड्यांची रांग लागली होती. प्रत्येकीचे दूध मोजले जाई, त्यातील स्निग्धांश यंत्रावर तपासला जाई आणि त्याप्रमाणे दर ठरे. दलालांच्या जाचाला कंटाळलेल्या शेतकऱ्यांनी १९४६ साली याच भागात त्रिभुवनदास पटेल यांच्या नेतृत्वाखाली आपला सहकारी संघ उभारला. पुढे १९७० साली सुरू झालेल्या दुग्धक्रांतीच्या योजनेने हा धडा देशभर नेला. १९५०–५१ साली देशात अवघे १.७ कोटी टन दूध निघत असे. २०२३–२४ साली ते सुमारे २३.९ कोटी टनांवर गेले.

रांगेतील एका मासींनी आम्हांला आपल्या अंगणात नेले. तेथे दोन म्हशी बांधलेल्या होत्या. आम्ही आमचे ज्ञान तेथेही पाजळले. मासींनी ते शांतपणे ऐकून घेतले व म्हणाल्या, “बरोबर असेल, दीकरा. मग या दोघींपैकी कोणती विकू, तेवढे सांग. एकीवर मुलीचे शिक्षण चालते, दुसरीवर घर.”

आमची मान खाली गेली. टाळ्या मिळवणारे ते वाक्य त्या अंगणात उच्चारण्याचा धीर आम्हांला पुन्हा झाला नाही.

तथापि, मासींचा प्रश्न खरा म्हणून आमचे म्हणणे खोटे ठरत नाही. याच गुजरातेत मेहसाण्याकडे चाऱ्याला व पिकाला पाणी देता देता कूपनलिका शेकडो फूट खोल गेल्या आहेत. जमिनीतले पाणी संपले तर म्हैसही उरणार नाही आणि मासींचे घरही चालणार नाही. मग उपाय कोणता?

त्याचे अर्धे उत्तर गव्हाणीत आहे. नुसत्या वाळल्या कडब्यावर ठेवलेले जनावर दूध थोडे देते. त्यामुळे दर लिटरमागे मिथेनचा वाटा वाढतो. तोच आहार पेंड, हिरवा चारा व क्षार यांनी समतोल केला, की दूध वाढते आणि तो वाटा घटतो. जनावरांची संख्या न वाढवता दूध वाढवणे, ही खरी वाढ होय. उरलेले अर्धे उत्तर शेणात आहे. आणंद जिल्ह्यातील झकारियापुरा गावी घरोघरी गोबरगॅसची संयंत्रे बसवली आहेत. शेणापासून चुलीला गॅस मिळतो, लाकूडफाटा वाचतो, धूर जातो; आणि उरलेला रबडा गावातील स्त्रियांची सहकारी मंडळी विकत घेऊन त्याचे खत करते. जे उकिरड्यावर पडून कुजत असे, त्याचेच चार पैसे होतात.

परंतु संयंत्राला पैसा लागतो, समतोल आहारालाही लागतो. तो सारा भार दोन म्हशींच्या धनिणीवर टाकून आपण शहरवासीयांनी नामानिराळे राहावे, हे न्याय्य नव्हे. स्वस्त दूध पिणाऱ्यांनीही त्यातला आपला वाटा उचलला पाहिजे.

परतताना गाडीत आम्ही आमचे भाषण पुन्हा वाचले आणि त्यातील शेवटचे वाक्य खोडले. त्या जागी कोणते वाक्य लिहावे, हे पुष्कळ वेळ सुचेना. अखेर आम्ही एवढेच लिहिले : “उपाय सांगण्यापूर्वी मासींच्या अंगणात उभे राहून तो म्हणून पाहावा.”