माढ्याच्या रानात पाखरांच्या मागे

छंद हा पैसेवाल्यांनी करायचा, असे आमच्या घरात लहानपणापासून ऐकले. म्हणून चाळिशी ओलांडल्यावर पतसंस्थेचे कर्ज काढून आम्ही जुना कॅमेरा घरी आणला, तेव्हा घरातून एकच प्रश्न आला, "पाखरांचे फोटो काढून हप्ते फिटणार आहेत का?" प्रश्न बरोबरच होता. हप्ते पगारातूनच फिटले. पण ज्या माढ्यात जन्म गेला, ते माढे आम्ही पाहिलेच नव्हते, हे मात्र त्या कॅमेऱ्याने दाखवले.

आमचा तालुका म्हणजे दुष्काळी माळ, ज्वारी, आणि पाणी पोचले तिथे ऊस. इथे कसली पाखरे, असे पुण्या-मुंबईचे पाहुणे विचारतात. त्यांच्यासाठी आणि आपल्या मुलाबाळांसाठी हे बारा महिन्यांचे टिपण.

आमचे वर्ष मृगापासून सुरू होते. पहिला पाऊस पडायच्या सुमारास पावशा "पेरते व्हा, पेरते व्हा" म्हणत ओरडतो. आवाज सगळ्यांना माहीत, पाखरू मात्र फार थोड्यांनी पाहिलेले. पानांआड बसून राहते. त्याच दिवसांत विहिरीवर वाकलेल्या बाभळीला सुगरणीचे खोपे लटकू लागतात. घरटे विणते ती मादी, असे आम्ही समजत होतो. प्रत्यक्षात विणकर नर असतो. पिवळ्या डोक्याचा तो नर गवताच्या पात्या फाडून आणतो, अर्धा खोपा विणतो आणि पंख फडफडवून मादीला बोलावतो. ती आत-बाहेर पाहून पसंत करील तरच पुढचे काम. नापसंत खोपे तसेच अर्धे राहतात. विहिरीच्या पलीकडच्या काठावर, डोक्यावर पोते घेऊन बसले की हे सगळे निवांत पाहता येते. कॅमेऱ्याला साधी प्लास्टिकची पिशवी बांधावी, म्हणजे भिजत नाही.

थंडीत पाहुणे येतात. भोरड्यांचे थवे मध्य आशियाकडून येऊन ज्वारीवर उतरतात. शेतकरी गोफण फिरवतो, पण हीच भोरडी नाकतोडेही खाते. संध्याकाळी थवा वळतो तेव्हा आभाळात धूर फिरल्यासारखा दिसतो. उडते पाखरू टिपायचे तर सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका वेग लागतो, नाहीतर फोटोत पंखाऐवजी फराटा उमटतो.

उजनी धरण आपल्याच तालुक्यात, भीमेवर. ते 1980 साली पुरे झाले. त्याच्या पाण्याखाली गावे गेली, माणसे उठली, हे विसरून चालणार नाही. त्याच पाण्यावर आज रोहित पक्षी येतात. पण धरणाच्या भिंतीजवळ ते शोधू नयेत, तिथे पाणी खोल. त्यांना लागतो गुडघाभर पाण्याचा चिखल. कालव्यांना पाणी सुटते, पातळी उतरते आणि वरच्या अंगाला भिगवण, कुंभारगावकडे चिखलाचे काठ उघडे पडतात. तेव्हा त्यांची पंगत बसते. चोच उलटी बुडवून ते शेवाळ आणि बारीक जीव गाळून खातात. त्या खाण्यातूनच त्यांना गुलाबी रंग येतो. कुर्डुवाडीहून रेल्वेने भिगवण गाठावे. पुढे मच्छीमार बांधव होडीतून नेतात. होडी थव्यात घालायला सांगू नये. थवा उडाला की फोटो छान येतो, पण त्यांचे खाणे मोडते. पाठीशी सूर्य ठेवून सकाळी नऊच्या आत काम उरकावे. तिथेच डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकादंब दिसतो. तो हिमालय ओलांडून येतो.

आता उन्हाळ्याचे, आणि आमच्या चुकीचे. पहिल्या वर्षी नांगरटीच्या रानात टिटवीची चार अंडी सापडली. ढेकळांत ढेकूळ दिसावे अशी. ऊन चाळिशीच्या पुढे. अशा वेळी टिटवी पाण्यात पोट भिजवून येते आणि ओल्या पिसांनी अंडी गार ठेवते. तो फोटो हवा म्हणून आम्ही दहा-बारा पावलांवर तास-दीड तास बसलो. ती डोक्यावर घिरट्या घालून ओरडत राहिली, खाली उतरली नाही. ती भीत होती, आणि आम्हाला वाटले, आता येईल. दुसऱ्या दिवशी गेलो तर अंडी नव्हती. कावळ्याने नेली की कुत्र्याने, कळायला मार्ग नाही. वाट मात्र आम्ही दाखवली असणार.

देवदत्ताच्या बाणाने पडलेल्या हंसाची गोष्ट आम्ही दर वर्षी मुलांना सांगतो. त्या दुपारी धनुष्य आमच्याच हातात होते.

तेव्हापासून घरट्याजवळ जायचे नाही, हा नियम. रेकॉर्ड केलेला आवाज लावून पाखरू बोलवायचे नाही. कुणाच्या रानात जाताना मालकाला विचारायचे.

फोटोला किंमत आहे, ती वेगळ्या कारणाने. सोलापूर जिल्ह्यातील नान्नजचे माळढोक अभयारण्य 1979 चे. त्यात आपल्या तालुक्याचाही भाग घेतला होता. माळढोक जमिनीवर बहुधा एकच अंडे घालतो. गवताच्या माळाला आणि गायरानाला 'पडीक' ठरवून नांगर, इमारती, विजेच्या तारा आल्या. आज देशात सुमारे दीडशेच माळढोक उरले, त्यांतले बहुतेक राजस्थानात. आपल्या माळावर तो होता, हे पुढच्या पिढीला सांगायला जुने फोटोच साक्षीला आहेत. आज ज्याला साधे पाखरू म्हणतो, त्याचाही फोटो तारीख, जागा लिहून ठेवावा तो यासाठीच.

गेल्या उन्हाळ्यात पुन्हा टिटवीचे घरटे दिसले. बरोबर धाकटी मुलगी होती. आमचे पाऊल नकळत पुढे पडले, तेवढ्यात तिने सदरा धरला. "पप्पा, बास. ती उठेल." आम्ही बांधावरच थांबलो. थोड्या वेळाने टिटवी भिजलेले पोट घेऊन आली आणि अंड्यांवर बसली. फोटोत ती हरभऱ्याच्या दाण्याएवढी दिसते. घरात आता तो फोटो भिंतीवर आहे. हप्त्यांचा प्रश्न ज्यांनी विचारला होता, त्यांनीच तो लावला.

येत्या थंडीत एका रविवारी मुलांना घेऊन रानात जा. कॅमेरा नसला तरी चालेल.