दोन कॅमेरे आणि एक शिखर

२०१३ च्या हिवाळ्यात आम्ही दोघांनी कॅमेरा घ्यायचे ठरवले आणि पुढचे दोन महिने घरात दुसरा विषय म्हणून निघाला नाही. आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो. एखाद्या गोष्टीला हात घालण्यापूर्वी तिच्यावरची समीक्षा वाचायची आणि मग त्या समीक्षेची समीक्षा करत बसायचे, ही व्यवसायाने लावलेली खोड. खर्च तीस हजारांच्या आसपास करायचा, एवढे तेवढे नक्की होते. त्या रकमेत दोन प्रकारचे कॅमेरे बसत होते: डीएसएलआर घराण्यातला अगदी पहिल्या पायरीवरचा निकॉन डी३२००, किंवा ज्याला सुपरझूम अथवा ब्रिज कॅमेरा म्हणतात त्या जातीतला कॅनन एसएक्स५०.

निमित्त नानांचे होते. नाना म्हणजे आमच्यातल्या एकाचे वडील आणि दुसरीचे सासरे. पण हा फरक घरात कोणी कधी पाळला नाही. त्यांनी तेव्हा पंच्याहत्तरी गाठली होती. त्यांचे आजोळ पळसदेव. भीमेवरचे उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले आणि जुने पळसदेव पाण्याखाली गेले. गाव वर सरकले, पळसनाथही नव्या गावातल्या नव्या देवळात आले. जुने देऊळ मात्र होते तिथेच राहिले. पाणी जसजसे ओसरते तसतसे त्याचे शिखर वर दिसू लागते. पुणे-सोलापूर रस्त्याने जाताना नाना नेहमी एसटीत त्या बाजूची खिडकी धरून बसत. पाण्याजवळ मात्र ते कधी गेले नव्हते. होडीची त्यांना भीती वाटे आणि आता गुडघेही ऐकत नव्हते. “काठावरनंच, पण एकदा नीट बघायचंय,” एवढेच ते कधीतरी म्हणाले होते. कॅमेऱ्याची कल्पना त्यातूनच निघाली. हे आम्हाला पूर्ण ठाऊक होते, हे आधीच सांगून ठेवतो. कारण पुढे जे झाले ते अज्ञानातून झाले, असे म्हणण्याची सोय आम्हाला नाही.

दोन्ही कॅमेऱ्यांचा अभ्यास आम्ही मन लावून केला. डीएसएलआरमध्ये लेन्समधून येणारा प्रकाश एका तिरप्या आरशावर पडतो, तिथून वर वळतो आणि डोळ्यापर्यंत पोहोचतो. शटर दाबले की आरसा उचलला जातो आणि तोच प्रकाश मागच्या सेन्सरवर पडतो. म्हणजे आपण पाहतो तो प्रत्यक्ष प्रकाश. ब्रिज कॅमेऱ्यात आरसा नसतो. सेन्सरला जे दिसते ते डोळ्यासमोरच्या इवल्याशा पडद्यावर उमटते. एसएक्स५० मध्ये हा पडदा सुमारे दोन लाख ठिपक्यांचा होता, आणि त्यातून पाहणे म्हणजे किल्लीच्या भोकातून दूरदर्शन पाहण्यासारखे वाटे. सेन्सरच्या आकारात तर तुलनाच नव्हती. निकॉनचा २३.२ × १५.४ मि.मी., कॅननचा ६.१७ × ४.५५ मि.मी.; क्षेत्रफळाचा हिशेब केला तर पहिला दुसऱ्याच्या साडेबारापटींहून मोठा. सेन्सर मोठा म्हणजे त्यावर गोळा होणारा प्रकाश अधिक, अंधुक खोलीतही चित्रात दाणे कमी, मागची पार्श्वभूमी मऊ करण्याची सोय जास्त. शिवाय लेन्स बदलता येते.

दुसऱ्या पारड्यात एकच गोष्ट होती, पण ती जबर होती. जुन्या ३५ मि.मी. फिल्मच्या परिभाषेत बोलायचे तर एसएक्स५० ची न बदलता येणारी लेन्स २४ पासून १२०० मि.मी. पर्यंत जात असे. निकॉनबरोबर मिळणारी १८-५५ ची लेन्स त्याच मापाने २७ ते ८२. डीएसएलआरवर १२०० ची मजल गाठायची तर ८०० मि.मी. ची लेन्स हवी. तिची किंमत लाखांत आणि वजन किलोंत. कॅननचा अख्खा कॅमेरा सहाशे ग्रॅमचा. लहान सेन्सरमुळेच हे साधते, कारण चित्र जितके लहान पाडायचे तितकी लेन्सही आखूड पुरते. म्हणजे ज्या गोष्टीला आम्ही दोष म्हणत होतो, तिच्यातूनच तो गुण आलेला होता.

असे असताना आम्ही निकॉन घेतला. का घेतला, याची त्या वेळी दिलेली कारणे आजही पाठ आहेत. ब्रिज कॅमेरा म्हणजे धड हे नाही आणि धड ते नाही. सगळे थोडेथोडे करणारा, कशातच खोल न जाणारा. ‘तडजोड’ हा शब्द आम्ही फार वेळा वापरला. ‘अस्सल’ हाही. आता वाटते, ही कॅमेऱ्याची भाषाच नव्हती. ती आमच्या तासाची भाषा होती. सीमारेषेवरच्या लेखनाबद्दल, कथा की लेख हे ठरत नसलेल्या मजकुराबद्दल, गंभीर वाङ्मय आणि रंजन यांच्या मधोमध उभ्या असलेल्या पुस्तकाबद्दल ज्या स्वरात आम्ही वर्गात बोलत आलो, तोच स्वर दुकानाच्या काउंटरपर्यंत पोहोचला होता. आणि आणखी एक कारण होते, जे आम्ही एकमेकांनाही सांगितले नाही. गळ्यात डीएसएलआर असलेला माणूस काहीतरी मनावर घेतलेला दिसतो. आम्हाला तसे दिसायचे होते. “दूरची लेन्स पुढे घेऊ,” असे म्हणून विषय मिटवला. ती आम्ही कधीच घेतली नाही. पुढे घेतली ती ३५ मि.मी. ची, घरातल्या प्रकाशासाठी.

फेब्रुवारी २०१४ च्या अखेरीस नानांना घेऊन पळसदेवला गेलो. सकाळची वेळ होती. पाणी बरेच उतरले होते आणि त्यातून शिखर वर आले होते. नानांना गाडीशेजारी खुर्ची मांडून दिली, कॅमेऱ्याच्या भिंगाशेजारची चकती फिरवून त्यांच्या चष्म्याच्या नंबराशी जुळवून दिली, आणि कॅमेरा त्यांच्या हाती दिला. त्यांनी बराच वेळ पाहिले. मग खाली ठेवून म्हणाले, “छान दिसतंय. पण जिथं आहे तिथंच दिसतंय.”

त्यात तक्रार नव्हती. त्यांना जे दिसले ते त्यांनी सांगितले होते. पाण्याची लांबलचक पट्टी, तिच्यावर सकाळचा खरा, आरशातून वळून आलेला प्रकाश, आणि मधोमध बोटाच्या पेराएवढे काहीतरी.

थोड्या अंतरावर एक तरुण रोहित पक्ष्यांसाठी तिपाईवर कॅमेरा लावून उभा होता. ज्या जातीला आम्ही दोन महिने नावे ठेवली होती, त्याच जातीचा. त्याने आमचे ऐकले असावे. तिपाई उचलून तो आपणहून आला आणि म्हणाला, “आजोबा, ह्यातनं बघा की.” त्याने झूम पुरता ताणला, शिखर चौकटीत आणले आणि बाजूला झाला. नाना खुर्चीतून पुढे वाकले. इतक्या लांबच्या मजलेवर हाताचा कंपही चित्र हलवतो. तिपाई होती म्हणून त्यांचा थरथरता हात आड आला नाही.

ते किती वेळ पाहत होते, आम्ही मोजले नाही. मग डोळा न काढता बोलू लागले. शिखरावर कोनाड्यासारख्या खाचा आहेत, त्यातल्या एकीत पोपटांचे घरटे असे. ते पाहायला ते नऊ-दहा वर्षांचे असताना वर चढले आणि उतरता येईना. मामाने शिडी लावून त्यांना खाली आणले आणि खाली आल्यावर चोपले. “तीच ती. अजून आहे,” नाना म्हणाले. त्या मुलाने विचारले, “फोटो काढू का, आजोबा?” “नको रे पोरा, दिसलं,” एवढेच बोलून नाना मागे टेकले.

आम्ही त्या कॅमेऱ्याला डोळा लावला नाही. मुलगा “तुम्हीही बघा” म्हणाला होता. आम्ही “असू दे” म्हणालो. संकोच होता, असे तेव्हा वाटले.

इथे निकॉनवर अन्याय होऊ नये. नाना २०१५ च्या पावसाळ्यात गेले. आज भिंतीवर त्यांचा जो फोटो आहे तो त्याच कॅमेऱ्याने, ३५ च्या लेन्सने, खिडकीतून येणाऱ्या संध्याकाळच्या उजेडात काढलेला. त्यातली कातडीची सुरकुती न् सुरकुती, चष्म्यामागचा ओला डोळा, त्या लहान सेन्सरने त्या उजेडात असा दिला नसता. तेव्हा आम्ही चुकीचा कॅमेरा घेतला, असेही म्हणवत नाही. प्रश्न विचारताना आमची चूक झाली. ‘चांगला कोणता’ हे आम्ही खूप तपासले. कोणाच्या डोळ्याला लावायचा आणि किती अंतरावरचे पाहायचे, हे ठाऊक असूनही बाजूला ठेवले. पुस्तकांच्या बाबतीत असे किती वेळा केले असेल, याचा विचार अलीकडे वर्गात शिरताना मनात येतो.

ज्याला आम्ही अस्सल मानले त्या घराण्याचे पुढे काय झाले, हेही सांगण्यासारखे आहे. पहिल्या पायरीवरच्या डीएसएलआरची निकॉनची मालिका २०१८ च्या डी३५०० पाशी थांबली आणि तो कॅमेराही नंतर बंद झाला. आरसा काढून टाकलेले कॅमेरे त्या जागी आले. एरवीचे फोटो मोबाइलवरच निघतात. आणि ज्याला आम्ही धड ना हे धड ना ते म्हणालो, त्या जातीचा ३००० मि.मी. पर्यंत जाणारा नवा कॅमेरा निकॉननेच २०२५ साली बाजारात आणला. दूरचे जवळ आणण्याचे काम अजून दुसऱ्या कोणाला तितक्या स्वस्तात जमलेले नाही. विद्यार्थी कधी कोणता कॅमेरा घ्यावा म्हणून विचारतात. आम्ही आधी विचारतो, कोणाला काय दाखवायचे आहे? बहुतेकांना हा प्रश्न टाळाटाळीचा वाटतो.

२०२४ च्या उन्हाळ्यात उजनीचे पाणी फार खाली गेले. आम्ही पळसदेवला गेलो आणि भेगाळलेल्या गाळावरून देवळाकडे चालत निघालो. बरोबर तोच जुना निकॉन होता, तीच १८-५५ ची लेन्स. इतक्या जवळून ती पुरेशी होती. शिखरावर खाचा होत्या. एक नव्हे, कितीतरी. नानांची कोणती, हे आम्हाला सांगता येईना. त्या सकाळी ती चौकटीत होती, आमच्यापासून दोन हातांवर, आणि आम्ही पाहिले नव्हते.

शेवटी देवळाला फेरी घालून चारी बाजूंनी, जेवढ्या दिसल्या तेवढ्या सगळ्यांचे फोटो काढून आणले.