हीटर प्लगपर्यंत पोहोचायचे व्होल्ट

थंडीत डिझेलची गाडी सुरू होईना की आपल्याकडे पहिला संशय हीटर प्लगवर जातो. चारही प्लग बदलले जातात, काही दिवस गाडी एका सेल्फमध्ये उठते, आणि पुढच्या गारठ्यात पुन्हा तोच घरघराट, तोच पांढरा धूर. मग दोष प्लगच्या कंपनीला, नाहीतर पंपवाल्याच्या डिझेलला. गाड्यांच्या वायरिंगच्या कामात राहून माझे मत वेगळे बनले आहे. बहुतेक वेळा प्लग ठीक असतो, त्याच्यापर्यंत वीजच नीट पोहोचत नसते. नवे प्लग बसवल्यावर गाडी काही दिवस बरी चालते, तेही याच मताला पुष्टी देते. प्लग बदलताना नट सुटतात, त्यांना जोडणारी पट्टी निघते, वायरच्या टोकाचे थिंबल घासले जाते आणि सगळे पुन्हा आवळले जाते. सुधारणा त्या घासण्या-आवळण्याने झालेली असते. पैसे मात्र प्लगचे जातात.

आपल्याकडे कुठली आली एवढी थंडी, असे कोणी म्हणेल. लडाखशी तुलना केली तर खरेच आहे. तिथे टाकीतले डिझेलच थिजते. म्हणून इंडियन ऑइलने 2019 साली तिथे उणे 33 अंशांपर्यंत वाहते राहणारे हिवाळी डिझेल आणले. तिथला प्रश्न इंजिनाच्या आधी टाकीत आणि फिल्टरमध्ये सुरू होतो. पण निफाडच्या द्राक्षबागांत पारा पाच अंशांखाली जातो तेव्हा डिझेल वाहते असते आणि तरीही गाडी उठत नाही. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबून इतकी तापवायची की फवारलेले डिझेल आपोआप पेट घेईल, एवढाच त्याचा आधार. आत शिरणारी हवा वीस अंशांनी गार असली तर दाबल्यावरचा फरक वीसवर थांबत नाही, चाळीसच्या आसपास जातो. त्यात गारठलेले ऑइल घट्ट झालेले असते, सेल्फ मोटर इंजिन हळू फिरवते, आणि हळू फिरणाऱ्या इंजिनात दाबलेल्या हवेची उष्णता लोखंडात मुरायला भरपूर वेळ मिळतो. रिंगा झिजलेल्या असतील तर दाबही गळतो. मोठ्या ट्रकांची इंजिने थेट पिस्टनच्या खळग्यात डिझेल फवारतात आणि आपल्या हवेत हीटरशिवाय निभावून नेतात. पण 1994 ची सुमो किंवा 1998 ची इंडिका यांच्या इंजिनात डिझेल आधी हेडमधल्या एका छोट्या कप्प्यात जाते. त्या कप्प्याच्या गार भिंती उष्णता शोषून घेतात, म्हणून तो आधी तापवायला हीटर प्लग लागतो. अशा इंजिनाला नाशिकची डिसेंबरची पहाट पुरेशी थंड असते, आणि अशी इंजिने अजून गावोगाव चालू आहेत.

आता वीज पोहोचत नाही म्हणजे काय, ते पाहू. गॅरेजमध्ये सरसकट वापरतात तो टेस्ट लॅम्प. प्लगवरची पट्टी सोडवायची, सुट्या वायरच्या टोकाला लॅम्प लावायचा, तो लख्ख पेटला की ‘करंट येतोय’ म्हणून प्लगला दोषी धरायचे. माझा सगळ्यात मोठा आक्षेप या पद्धतीवर आहे. लॅम्प जेमतेम अर्धा अँपिअर घेतो. चार हीटर प्लग मिळून, जातीनुसार, सुरुवातीच्या क्षणी साठ-सत्तर अँपिअर ओढतात आणि तापल्यावर चाळीसच्या आसपास येतात. वाटेत एका थिंबलवर हिरवट गंज चढून 0.05 ओहमचा अडथळा झाला आहे असे धरा. अर्ध्या अँपिअरला त्या जागी व्होल्टचा चाळिसावा भाग पडतो, लॅम्पला त्याचा पत्ताही लागत नाही. चाळीस अँपिअरला त्याच जागी दोन व्होल्ट पडतात. प्लगला अकराच्या जागी नऊ मिळतात, आणि उष्णता व्होल्टच्या वर्गाप्रमाणे बदलत असल्याने ती जवळजवळ एक तृतीयांश घटते. तेवढ्या वेळात त्या गंजक्या थिंबलवर ऐंशी वॉट जळत असतात. एखाद्या दणकट सोल्डरिंग आयर्नइतकी ही उष्णता आहे. म्हणून हीटर लावल्यावर दहा सेकंदांनी जोडांना हात लावून पाहिला तर गरम लागणारा जोड आपणहून सापडतो. मीटर असेल तर आणखी बरे: पट्टी जागेवर, प्लग जोडलेले, हीटर चालू, आणि मीटरचे एक टोक पट्टीवर तर दुसरे बॅटरीच्या धन खुंटावर. या दोहोंमध्ये अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसले तर प्लगकडे वळण्याआधी वायर तपासावी.

वायरच्या जाडीचे गणित कठीण नाही, फक्त ते कोणी करत नाही. बॅटरीपासून प्लगपर्यंत तीन मीटर तांब्याची वायर धरली आणि ती हेडलाइटला वापरतात तशी अडीच चौरस मिलिमीटरची असली, तर चाळीस अँपिअरला तिच्यातच सुमारे 0.84 व्होल्ट खर्च होतात. दहा चौरस मिलिमीटरची घातली तर 0.21. जाड वायर महाग पडते ही तक्रार खरी आहे, तांबे स्वस्त नाही. पण तीन मीटरचाच प्रश्न आहे, आणि प्लगचा एक संच वाया जाण्यापेक्षा तो खर्च परवडतो. शिवाय बारीक वायरचे आवरण तापून मऊ पडते. फ्यूज बॅटरीजवळ नसेल आणि अशी वायर बॉडीच्या कडेला घासली तर पुढचे संकट गाडी सुरू न होण्यापेक्षा फार मोठे असते.

परतीची वाट तर हिशेबातच घेतली जात नाही. प्लगचे दुसरे टोक म्हणजे त्याचे स्वतःचे धातूचे अंग. करंट आट्यांमधून हेडमध्ये, तिथून ब्लॉकमध्ये जातो. इंजिन मात्र रबराच्या माउंटिंगवर बसलेले असते, म्हणजे बॉडीपासून तुटलेले. त्याला बॅटरीच्या ऋण टोकाशी जोडणारी अर्थची विणलेली पट्टी हाच एक राजमार्ग. क्लच किंवा गिअरबॉक्सच्या कामात ती सुटते आणि रंगावर, मातीवर, नाहीतर एकाच ढिल्या बोल्टवर परत बसते. मग करंट ॲक्सिलरेटरच्या केबलमधूनही वाट काढतो. याच पट्टीवरून सेल्फचेही शेकडो अँपिअर जातात, त्यामुळे तिथला दोष दोघांना एकदम मारतो: इंजिन हळू फिरते आणि प्लगही अर्धवट तापतो. प्लगच्या आट्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळण्याची पद्धत मला म्हणूनच अजिबात मान्य नाही. आटे स्वच्छ आणि कोरडे हवेत. आवळणेही बेताचे हवे, कारण प्लग आत तुटला तर हेड उतरवण्याची वेळ येऊ शकते.

हीटरचा टायमर बिघडला की डॅशवर पुश बटण लावून थेट वायर टाकतात. या उपायाचा अनुभवी मिस्त्री हिरिरीने पुरस्कार करतात आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. जुन्या गाड्यांत हीटर हातानेच लावायचा असे, किल्ली थोडी फिरवून चालक मनात आकडे मोजत. बटणाला माझा विरोध नाही. त्या बटणातून चाळीस अँपिअर नेण्याला आहे. बटणाने फक्त रिले ओढावा, मोठा करंट रिलेच्या जाड संपर्कांतून जावा. दुसरी गोष्ट अधिक नकळत घडते. अशा बटणाला सप्लाय बहुधा रेडिओच्या वायरवरून घेतात, कारण ती हाताशी असते. किल्ली सेल्फच्या जागी गेली की ती लाइन बंद होते. म्हणजे इंजिन फिरू लागते नेमक्या त्या क्षणी प्लग विझतात, गार हवा आत येते आणि आधीचे तापवणे फुकट जाते. सेल्फ फिरताना आणि इंजिन पकडल्यावर थोडा वेळ प्लग पेटते राहायला हवेत. पहिल्या मिनिटाचा पांढरा धूर म्हणजे न जळलेले डिझेल, आणि तो याच काळात आवरता येतो. रिलेला सप्लाय कुठून द्यायचा याचा विचार त्यामुळे प्लगच्या निवडीइतकाच महत्त्वाचा आहे.

या सगळ्या उठाठेवीपेक्षा एअर क्लीनरवर पेट्रोलचा बोळा किंवा इथरचा स्प्रे का नको, हा प्रश्नही येतो. त्याने गाडी पटकन उठते, हे खरे. पण इथर फार कमी तापमानाला पेटतो आणि लालबुंद प्लगसमोर तो पिस्टन वर येण्याआधीच भडकतो. इनटेकमध्ये हीटर असलेल्या इंजिनात तर सिलिंडरच्या बाहेरच भडका उडतो. पिस्टनच्या रिंगा त्यात तुटतात आणि पुढच्या थंडीत दाब आणखी कमी झालेला असतो.

नव्या गाड्यांत हे सगळे कंट्रोलर पाहतो, म्हणून वायरमनने यात पडूच नये, असा एक विचार आहे. तो मी अर्धाच मान्य करतो. अशा बऱ्याच गाड्यांत प्लग चार-पाच व्होल्टचे असतात, कंट्रोलर बॅटरीची वीज तुकड्यातुकड्यांनी देऊन त्यांना सांभाळतो. जुन्या सवयीने असा प्लग थेट बॅटरीला लावून ‘लाल होतो का’ पाहिले तर तो तिथेच जळतो. त्यामुळे तपासण्याची रीत बदलली पाहिजे. अर्थची पट्टी, थिंबल आणि फ्यूजचा होल्डर मात्र कंट्रोलरला घासता येत नाही. त्या जागा हातानेच उघडाव्या लागतात, पावसाळा संपल्यावर आणि थंडी पडण्याआधी. बिलावर ‘हीटर प्लग चार नग’ लिहिण्याआधी, जुन्या पद्धतीच्या गाडीत, हीटर चालू असताना प्लगवर किती व्होल्ट मिळाले तो आकडा गॅरेजवाल्याने लिहावा, आणि गाडीमालकाने तो मागावा.