जिभेचं वजन

सकाळी साडेसहाला फोन वाजला की तो दादाचा. डॅलसमध्ये तेव्हा आदल्या रात्रीचे सात-आठ झालेले असतात, जेवणं उरकलेली असतात. इकडे एग्मोरमध्ये दूध तापत असतं आणि खालून स्टेशनकडे जाणाऱ्या रिक्षांचे आवाज सुरू झालेले असतात. फोन आईसाठी असतो. पण गेल्या हिवाळ्यात तीनेक महिने तो निम्मा माझ्यासाठीही होता, कारण दादा ट्रक घेत होता आणि तो काय घेतोय हे आईला समजावून सांगायचं काम माझ्याकडे आलं होतं.

"ट्रक? या वयात माल वाहणार का तो?" हा आईचा पहिला प्रश्न.

माल नव्हे, घर. दादाला एक ट्रेलर घ्यायचा होता. त्यात पलंग, शेगडी, फ्रीज आणि मुख्य म्हणजे संडास-बाथरूम. आई सहा महिन्यांसाठी त्याच्याकडे जायची होती आणि तिला ग्रँड कॅन्यन दाखवायचं त्याच्या मनात होतं. डॅलसहून ते सुमारे सतराशे किलोमीटर. आईचे गुडघे गेलेले, दर दीड-दोन तासांनी उतरावं लागतं, परक्या संडासाचा तिला धसका. म्हणून संडासच बरोबर न्यायचा. चालत्या ट्रेलरमध्ये माणसांना बसू देत नाहीत, बऱ्याच राज्यांत कायद्यानेच मनाई आहे. म्हणजे आई पुढे ट्रकमध्ये बसणार आणि थांबलं की मागच्या घरात जाऊन आडवी होणार.

बाबा २०२०च्या जूनमध्ये गेले. विमानं बंद होती. दादाने सगळं फोनच्या पडद्यावर पाहिलं. त्याबद्दल आम्ही दोघं कधीच बोललो नाही. तो ट्रकबद्दल बोलू लागला तेव्हा मी ऐकत राहिले, त्याला हेही एक कारण होतं.

"गॅस ट्रक घेतोय," तो म्हणाला. मी ते तसंच आईला सांगितलं आणि तोंडघशी पडले. आईने विचारलं, "सिलिंडर कुठं ठेवणार?" वीस वर्षं भाषांतरावर पोट भरणाऱ्या बाईने घरातच ही चूक करावी! अमेरिकेत गॅस म्हणजे पेट्रोल. गंमत अशी की ट्रेलरच्या पुढच्या दांड्यावर खरोखरच शेगडीसाठी दोन सिलिंडर बसवलेले असतात. म्हणजे आईचा प्रश्न फक्त एका गाडीने चुकला होता.

पण पेट्रोल का? आपल्याकडे ओझं ओढायचं म्हटलं की डिझेलच डोळ्यांसमोर येतं. भारतात मिळणारे टोयोटाचा हायलक्स आणि इसुझूचा व्ही-क्रॉस हे दोन्ही पिकअप डिझेलवरच चालतात. व्ही-क्रॉस तर चेन्नईहून दीड-दोन तासांवरच्या श्री सिटीत तयार होतो. दादाचा हिशोब वेगळा होता. वर्षातून पाच-सहा वेळा ट्रेलर ओढायचा, एरवी वाणसामान आणि ऑफिस. त्याला हव्या त्या मोठ्या ट्रकमध्ये डिझेल इंजिनाचे दहा हजार डॉलरच्या आसपास जास्त पडतात. छोट्याछोट्या फेऱ्या त्या इंजिनाला मानवत नाहीत, धुराची जाळी काजळीने तुंबते. उलट बाजूही त्याने सांगितली. घाट उतरताना डिझेल गाडीला जास्त चांगलं आवरून धरतं. टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन दर हजार फुटांना साधारण तीन टक्के दम गमावतं. ग्रँड कॅन्यनचा दक्षिण काठ सात हजार फुटांवर, म्हणजे तिथे इंजिनाचा पाचवा हिस्सा हवेतच विरतो. "मग सावकाश चढू," तो म्हणाला, "आई बरोबर असताना घाई कुणाला आहे?"

तर पेट्रोल ठरलं. कोणता ट्रक, हे राहिलं. विक्रेत्याने एक 'हाफ टन' दाखवला होता. चार दारं, आत प्रशस्त, दिसायला राजबिंडा. हा ट्रक अकरा हजार पौंड ओढतो, म्हणजे सुमारे पाच हजार किलो. ट्रेलर भरून जास्तीत जास्त सात हजार पौंडांचा, ३,१७५ किलो. "डोळे मिटून घ्या," विक्रेता म्हणाला. दादा अनामत भरायच्या बेतात होता. त्याआधी त्याने ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या कागदाचा फोटो मला पाठवला. "आईला दाखव, म्हणजे तिला वाटेल सगळं नियमानुसार चाललंय."

त्या कागदावर एकच वाक्य होतं. माणसं आणि 'कार्गो' मिळून अमुक इतक्या वजनाच्या वर जाऊ नये. आकडा ६८० किलो.

मी आईला वाचून दाखवलं, "माणसं आणि सामान मिळून सहाशे ऐंशी किलो." दादाचा हिशोबही तोच होता. तो ८४, वहिनी ६६, पुतण्या ७५, आई ५२, एकूण २७७. मागच्या हौद्यात चाकाची खुर्ची, हत्यारं, बाकी किरकोळ, धरा ६५. झाले ३४२. जेमतेम निम्मे. आईने मान डोलावली. मग म्हणाली, "आणि ट्रेलरचं ओझं?"

"ते मागे आहे आई. त्याला त्याची चाकं आहेत."

"किती चाकं?"

"चार. पण सगळी मधोमध, जवळजवळ."

"मग पुढचं टोक कशावर टेकतंय?"

आईचं माहेर बार्शीजवळचं. लहानपणी ती शेतावर बैलगाडीने जायची. तिने मला बैलगाडी समजावून सांगितली, तीही स्वयंपाकघराच्या ओट्यावर लाटणं आणि वाटी मांडून. दोन चाकांच्या गाडीत कडबा मागे जास्त भरला की गाडी उलाळ होते, पुढचं टोक उचलतं, जू बैलांच्या मानेवरून वर ओढलं जातं. फार पुढे भरला तर सगळं बैलांच्या मानेवर येतं. भरणारा शहाणा असेल तर थोडंसं ओझं पुढे ठेवतो. "ते थोडं बैलच पेलतात ना गं? चाकं नाही पेलत."

त्या थोड्याला इंग्रजीत 'टंग वेट' म्हणतात. ट्रेलरच्या पुढच्या दांड्याला ते लोक जीभ म्हणतात, म्हणून जिभेचं वजन. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के वजन या जिभेवर यायला हवं. कमी झालं तर वेगात ट्रेलरचं शेपूट डावीउजवीकडे झुलायला लागतं आणि पुढच्या गाडीलाही घेऊन जातं. म्हणजे आईची उलाळ, फक्त ताशी शंभर किलोमीटरने. तेरा टक्के धरले तर ३,१७५ किलोंचे ४१३ किलो. हे वजन ट्रक ओढत नाही, अंगावर पेलतो. म्हणून ते 'कार्गो'त धरायचं असतं. मी त्या शब्दाला 'सामान' म्हटलं होतं, आणि सामान म्हणजे आपण उचलून ठेवतो ते. 'भार' म्हटलं असतं तर जिभेचं वजन आपोआप आत आलं असतं. दादाने काही भाषांतर केलं नव्हतं, पण त्याच्याही डोक्यात त्या इंग्रजी शब्दाचा अर्थ 'सामान' हाच होता.

त्याच दिवशी दुपारी कॉनेमारा ग्रंथालयातून परतताना मी गांधी-आयर्विन रस्त्याने आले. स्टेशनसमोर एक म्हातारा हातगाडीवर खोकी चढवत होता. दोन चाकं, पुढे दांडी. प्रत्येक खोकं ठेवलं की तो दांडी किंचित उचलून अंदाज घ्यायचा, मग एखादं खोकं वीतभर पुढे सरकवायचा. मी थांबून माझ्या मोडक्यातोडक्या तमिळमध्ये विचारलं, "असं का, अण्णा?" तो म्हणाला, "कोंजम मुनबारम इरुक्कणुम." थोडा पुढचा भार हवाच. मुनबारम म्हणजे पुढचा भार, पिनबारम मागचा. मागे जास्त झाला तर दांडी मला उचलून नेईल, असं हात वर करून त्याने दाखवलं आणि हसला. सबंध दिवस मी ज्या शब्दाशी झटत होते तो या माणसाच्या तळहातात होता. तमिळमधला भारही आपलाच भार, जरा वेगळ्या उच्चाराचा.

संध्याकाळी मी हिशोब नव्याने मांडला. माणसं २७७, किरकोळ ६५, जीभ ४१३, जोडणीचं लोखंडी सामान ४०. एकूण ७९५. मर्यादा ६८०. ट्रेलर ओढण्याची ताकद शिल्लक होती, पण पेलण्याची ११५ किलोंनी संपली होती.

दादाला सांगितलं तेव्हा तो आधी चिडला. विक्रेत्याने त्याला ट्रेलरच्या माहितीपत्रकातलं 'कोरडं वजन' दाखवलं होतं, २,५४० किलो. कोरडं म्हणजे टाकीत पाणी नाही, भांडी नाहीत, अंथरूण नाही, डाळ-तांदूळ नाही. आई म्हणाली, "म्हणजे संसार धरलाच नाही." विक्रेत्याने आणखी एक तोडगा सुचवला, भार वाटून देणारी जोडणी. ती जिभेवरचा काही भार पुढच्या चाकांकडे सरकवते आणि गाडी सरळ चालायला मदत करते. जरूर घ्यावी. पण दारावरचा आकडा ती वाढवत नाही.

मग अकरा हजारांचा तो आकडा खोटा का? खोटा नाही. तो एसएई जे२८०७ नावाच्या पद्धतीने ठरतो. ॲरिझोनात डेव्हिस डॅमजवळ साधारण अठरा किलोमीटरचा चढ आहे. ऐन उन्हात, एसी पूर्ण सोडून, ट्रकने ओझं ओढत ठरावीक वेगाच्या खाली न जाता तो चढायचा. परीक्षा खडतर आहे. फक्त त्या परीक्षेत ट्रकमध्ये दोनच माणसं धरलेली असतात, प्रत्येकी दीडशे पौंड, ६८ किलो. चालक आणि एक सोबती. पुतण्या नाही, चाकाची खुर्ची नाही, आई नाही. जाहिरातीतला आकडा आईशिवायचा होता आणि दारावरचा आकडा आईसकट. मला यात कुणाची लबाडी दिसत नाही. एका आकड्याचा अर्थ दुसऱ्या प्रश्नाला लावला, एवढंच झालं. भाषांतरात चुका अशाच होतात, शब्द बरोबर असतो आणि वाक्य भलतंच.

'हाफ टन' हे नावही असंच. कधी काळी हे ट्रक अर्धा टन पेलत, त्यावरून नाव पडलं. आता ते त्याहून जास्त पेलतात, पण नाव तसंच राहिलं. त्याच्या वरचा 'थ्री-क्वार्टर टन' पाऊण टनाच्या कितीतरी पुढे गेलाय. आणि आपला छोटा हत्ती, २००५ साली आलेला टाटा एस? त्या बुटक्या गाडीला पाऊण टनाच्या आसपास भार परवानगीने वाहता येतो. अमेरिकेतल्या त्या राजबिंड्या ट्रकपेक्षा जास्त. दादाला हे सांगितलं तर दोन मिनिटं तो बोललाच नाही. मग म्हणाला, "आणि पडद्यावर तोच ट्रक डोंगर ओढताना दाखवतात."

उपाय दोनच होते. ट्रेलर लहान घ्यायचा किंवा ट्रक मोठा. लहान ट्रेलरमध्ये संडास इतका अरुंद की आईला आत वळता येणार नाही. म्हणजे ट्रक मोठा. पाऊण टनातही डिझेल इंजिन पेट्रोलपेक्षा कित्येकशे पौंड जड असतं आणि ते वजन पेलण्याच्या मर्यादेतूनच वजा होतं. त्यामुळे ज्याला जास्त पेलायचंय त्याने पेट्रोल घ्यावं, हे दादाचं पैशासाठी निघालेलं उत्तर वजनासाठीही बरोबर ठरलं. शेवटी त्याने पाऊण टनाचा पेट्रोल ट्रक घेतला. फोर्डचा, ७.३ लिटर, आठ सिलिंडर, टर्बो नाही. दारावरचा आकडा १,३४० किलो.

फुकट काही नाही. रिकामा असताना तो खड्ड्यांवर आदळतो. ट्रेलर लावला की लिटरला साडेतीन किलोमीटर. माझ्या शेजाऱ्यांनी ॲव्हरेज विचारलं तेव्हा आकडा ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. आणि सगळ्यात मोठी अडचण अशी की ट्रक उंच आहे. ज्या बाईसाठी तो घेतला तिला त्यात चढता येणार नाही. दादाने दाराखाली पायरी बसवून घेतली, वर एक बुटकं स्टूल आणलं, आणि वहिनीने त्यावरून चढउतार करतानाचा व्हिडिओ पाठवला. आईने तो तीनदा पाहिला. "हिचे गुडघे चांगले आहेत," एवढंच म्हणाली.

खरं सांगायचं तर आईने जाऊ नये असं मला वाटत होतं. मी चिडले होते आणि ते आकड्यांत लपवत होते. हिशोब जुळला नाही तेव्हा आधी जरा बरंच वाटलं मला, की आता हा बेत बारगळेल. बाबांच्या आजारात रात्री मी जागले आणि हा आता ट्रक घेऊन फेडायला निघाला, असं काहीसं मनात होतं. पण त्याने ट्रेलर सोडला नाही, ट्रक बदलला. पैसे वाढले, गाडी ओबडधोबड झाली, आणि त्यात आईचे ५२ किलो बसले. इतकी वर्षं तो दुरून ओढत होता, पैसे पाठवत, फोन करत. त्यालाही पेलायचं होतं आणि जागा मिळत नव्हती, हे मला त्या दारावरच्या कागदाने सांगितलं.

परवा त्याने पुन्हा आकडे मागितले. ट्रेलर भरून वजनकाट्यावर नेणार आहे, त्याआधी त्याला पक्कं काय ते हवंय. मी काटा काढला आणि आईला उभी राहा म्हटलं. ती आत गेली आणि तिची पिशवी घेऊन आली. औषधं, जपमाळ, शेंगदाण्याच्या चटणीचा डबा, बाबांची शाल.

"ती खाली ठेव आई. माणसाचं वजन हवंय."

"ती मी खाली ठेवणार आहे का तिथं?"

मी दादाला ५८ कळवले.