जुन्या लॅपटॉपची बॅटरी आणि वीजपुरवठा : दोष शोधण्याची रीत

जुना लॅपटॉप चार्ज होत नसेल किंवा मध्येच बंद पडत असेल, तर पहिला संशय बॅटरीवर जातो आणि नवी बॅटरी विकत आणली जाते. पण भिंतीतल्या सॉकेटपासून मदरबोर्डपर्यंत वीज चार टप्प्यांतून जाते : अडॅप्टर, चार्जिंग जॅक, चार्जिंग सर्किट आणि बॅटरी. दोष यांपैकी कुठेही असू शकतो, म्हणून तपासणी बाहेरून आत, याच क्रमाने करावी.

सुरुवात अडॅप्टरपासून. त्याच्यावर छापलेले व्होल्ट लॅपटॉपच्या मागणीइतकेच हवेत; अँपिअर मात्र मागणीइतके किंवा जास्त चालतात. 19.5 व्होल्ट आणि 3.34 अँपिअरचा अडॅप्टर साधारण 65 वॉटचा असतो. मल्टीमीटरवर व्होल्टेज बरोबर आले तरी अडॅप्टर निर्दोष ठरत नाही, कारण म्हातारा अडॅप्टर मोकळा असताना पुरे व्होल्ट देतो आणि भार पडला की कोसळतो. म्हणून त्याच रेटिंगचा, चालू असल्याची खात्री असलेला दुसरा अडॅप्टर लावून पाहणे ही खरी कसोटी. डेलच्या अनेक मॉडेलांत प्लगच्या मधोमध बारीक पिन असते. अडॅप्टर किती वॉटचा आहे हे लॅपटॉपला तिच्यातून कळते. ही पिन वाकली किंवा तिची तार तुटली, तर लॅपटॉप चालू होतो, पण बॅटरी चार्ज होत नाही आणि यंत्र मंदावते. अशा वेळी बायोसमध्ये अडॅप्टर ओळखला न गेल्याची सूचना दिसते.

यानंतर जॅक. प्लग हलवल्यावर चार्जिंगचा दिवा लुकलुकत असेल, तर जॅक सैल झाला आहे किंवा त्याचे सोल्डरिंग सुटले आहे. प्लगजवळ गरम होणे आणि प्लास्टिक काळवंडणे ही त्याचीच लक्षणे. काही मॉडेलांत जॅक वेगळ्या वायरवर असतो. तो बदलणे स्वस्त आणि सोपे असते.

बॅटरी निघणारी असेल, तर पुढची चाचणी निर्णायक ठरते. अडॅप्टर व बॅटरी दोन्ही काढून पॉवरचे बटण अर्धा मिनिट दाबून धरावे, म्हणजे सर्किटमध्ये साठलेला चार्ज निघून जातो. नंतर लॅपटॉप फक्त अडॅप्टरवर चालवून पाहावा. तो नीट चालला, तर दोष बॅटरीत किंवा चार्जिंग सर्किटमध्ये आहे. फक्त बॅटरीवर चालला, तर दोष अडॅप्टर, जॅक किंवा तिथून पुढे जाणाऱ्या मार्गात आहे. दोन्हींवर मेलेलाच राहिला, तर मदरबोर्ड तपासावा लागतो. दिवे लागतात पण पडदा काळाच राहतो, अशा वेळी आधी रॅम काढून पुन्हा बसवावी. तारीख-वेळ वारंवार मागे जात असेल, तर त्याचा मुख्य बॅटरीशी संबंध नसतो. मदरबोर्डवरचा 3 व्होल्टचा छोटा सेल संपलेला असतो.

बॅटरीची प्रकृती आकड्यांत कळते. विंडोजमधील ‘पॉवरसीएफजी’ या कमांडने बॅटरीचा अहवाल निघतो. त्यात मूळ क्षमता आणि आजची पूर्ण चार्ज क्षमता शेजारी-शेजारी असतात. मूळ 48 वॉट-तास आणि आज 30 असेल, तर 62 टक्केच ताकद उरली आहे. मात्र नकली बॅटरीत मूळ क्षमतेचा आकडा खोटा भरलेला असू शकतो, म्हणून प्रत्यक्ष किती वेळ बॅकअप मिळतो हेही घड्याळ लावून पाहावे.

30-40 टक्के दिसत असताना लॅपटॉप एकदम बंद पडतो, याचे कारण बहुधा एकाच सेलमध्ये असते. लिथियम-आयन सेल पूर्ण चार्जला 4.2 व्होल्ट देतो आणि असे तीन सेल एकापुढे एक जोडून साधारण 11 व्होल्टचा पॅक बनतो. त्यातला एक दुबळा झाला की भार पडताच त्याचे व्होल्टेज कोसळते आणि संरक्षक सर्किट सगळा पॅक तोडते. बॅटरी पूर्ण चार्ज करून, पूर्ण उतरवून, पुन्हा चार्ज केल्याने टक्केवारीचा अंदाज सुधारतो. गेलेली क्षमता परत येत नाही. महिनोन्महिने पडून खोलवर उतरलेला पॅक बाहेरून वीज देऊन जबरदस्तीने जागवू नये. अशा सेलमध्ये तांबे विरघळून आतच शॉर्ट होण्याचा धोका असतो.

टचपॅड वर उचलला जाणे किंवा तळाचे झाकण फुगणे म्हणजे बॅटरी फुगली. तेव्हा चार्जिंग ताबडतोब थांबवावे आणि बॅटरी दाबू किंवा टोचू नये. ती ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा संकलन केंद्रात द्यावी. नवी बॅटरी घेताना मॉडेल क्रमांक, व्होल्टेज आणि उत्पादनाची तारीख पाहावी, कारण न वापरता कपाटात ठेवलेली बॅटरीही म्हातारी होते. यंत्र कायम अडॅप्टरवर चालणार असेल आणि बायोसमध्ये सोय असेल, तर चार्जिंगची मर्यादा 80 टक्क्यांवर ठेवावी. त्यामुळे बॅटरी जास्त वर्षे टिकते.