इंजिनाचे बिऱ्हाड

जुन्या वस्तूंचा लोभ मला समजतो. आजीचा पानाचा डबा, आजोबांचे खिशातले घड्याळ ही मंडळी बिचारी कपाटात निमूट बसतात आणि कुणाला त्रास देत नाहीत. जुनी मोटार तशी नव्हे. ती रस्त्यावर येते, श्वास सोडते. आणि तो श्वास दुसऱ्या कुणाला तरी आत घ्यावा लागतो.

कॅलिफोर्नियात नोकरीला असलेल्या माझ्या भाच्याला अशाच एका मोटारीने भूल घातली. 1978 सालची डॅटसन; लांब नाकाची, दोन माणसांपुरती. तिचे इंजिन थकले, तेव्हा अलीकडच्या गाडीचे इंजिन तिच्यात घालायचे त्याने ठरवले. "मामा, इंजिन बसवणं सोपं आहे," तो फोनवर म्हणाला, "त्याचं बिऱ्हाड बसवणं अवघड!"

बिऱ्हाड हा त्याचा शब्द मला फार आवडला. तिथला कायदा नेमके तेच सांगतो. नवे इंजिन गाडीच्या सालाचे किंवा त्यानंतरचे असावे; आधीचे चालायचे नाही. जड मालमोटारीचे इंजिन प्रवासी मोटारीत घालता यायचे नाही. आणि मुख्य अट ही, की इंजिन येईल ते धूर आवरणाऱ्या आपल्या सगळ्या सरंजामासह. विषारी वायू निवळणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, पेट्रोलची वाफ धरून ठेवणारा कोळशाचा डबा, प्राणवायू मोजणारे सेन्सर, या सर्वांवर नजर ठेवणारा संगणक, सारे हवे. इंजिन 1996 नंतरचे असेल, तर बिघाड सांगणारा दिवाही जुन्या गाडीत पेटला पाहिजे. मग गाडी 'रेफरी' नावाच्या सरकारमान्य परीक्षकापुढे न्यायची. त्याची खात्री पटली, तर तो गाडीवर तशी चिठ्ठी डकवतो.

ही कटकट उगाच जन्मलेली नाही. 1943 च्या जुलैत लॉस एंजेलिसवर असा धूर उतरला, की लोकांचे डोळे चुरचुरू लागले आणि शत्रूने विषारी वायू सोडल्याची कुजबुज झाली. पुढे अननसाच्या वासाचा अभ्यास करणाऱ्या हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने 1950 नंतरच्या काही वर्षांत दाखवून दिले, की शत्रू घरचाच होता. मोटारींचा आणि कारखान्यांचा धूर उन्हात शिजून ते विष तयार होत होते. 1984 पासून तिथे मोटारींची ठरावीक मुदतीने धूरतपासणी होते. 1975 पर्यंतच्या पेट्रोल-मोटारींना आता तीतून सूट आहे. म्हणजे भाच्याची गाडी तीन वर्षे आधी जन्मती, तर सुटली असती!

आपल्याकडचा न्याय निराळा. 2021 च्या नियमांप्रमाणे 50 वर्षांवरची मोटार 'व्हिंटेज' म्हणून नोंदवायची, तर तिचे मूळ रूप राखलेले हवे. इंजिनात मोठा फेरफार झाला असेल, तर तो मान नाही. हा नियम जुन्याचे सोवळे पाहतो, तिकडचा नियम नव्याची जबाबदारी पाहतो.

मला मात्र यात आपली घरे दिसतात. जुन्या घरात शिकलेली, मिळवती सून हौसेने आणली जाते. तिचा पगार हवा असतो. तिची मते मात्र उंबरठ्याबाहेर राहावीत अशी अपेक्षा असते. म्हणजे इंजिन हवे, सरंजाम नको! मग ते घर आतल्या आत धुमसते, आणि तो धूर लहानांच्या डोळ्यांत जातो.

भाच्यालाही त्याच्या मित्रांनी सल्ला दिला होता, की कन्व्हर्टर काढून टाक, गाडी हलकी होईल, आवाजही झोकात येईल. त्याने तो मानला नाही. त्याच्या सात वर्षांच्या मुलीला दमा आहे. नकारात कायद्याचा वाटा किती आणि मुलीचा किती, ते मी विचारले नाही.

जुने जपावे, जरूर जपावे. पण ज्याच्या बळावर ते चालायचे, त्या नव्याला पाहुण्यासारखे ओसरीवर बसवून ठेवू नये. त्याच्या बिऱ्हाडासाठी आतली खोली मोकळी करून द्यावी.