धरलंय

पसरणीचा घाट उतरून वाईत आलेली गाडी गॅरेजच्या दारात थांबते आणि ड्रायव्हर म्हणतो, "मिस्त्री, पॅडल मऊ लागतंय." इतकी वर्षं झाली, तरी त्या 'मऊ' शब्दानं माझ्या पोटात गोळा येतो.

ब्रेक ऑइल दाबलं जात नाही. पायाचा जोर ते जसाच्या तसा चाकापर्यंत नेतं. हवा मात्र दाबली जाते आणि जोर तिच्यातच जिरतो. कॅलिपरची नळी काढली, व्हील सिलिंडर बदलला, की हवा आत शिरणारच. म्हणून नट आवळले म्हणजे काम झालं, असं मी मानत नाही. हवा निघाली की काम झालं.

हे काम दोघांचं. सतराव्या वर्षी उस्तादांच्या हाताखाली लागलो, तेव्हा माझी जागा सीटवर होती. इंजिन बंद. चाकामागून हाक यायची, "मार, मार, मार... धर!" मी पॅडल दाबून धरायचो आणि ओरडायचो, "धरलंय!" मग उस्ताद चाकाजवळचा हवा काढायचा निपल पाव फेरा सैल करायचे. पारदर्शक नळीतून बुडबुडे बाटलीत उतरायचे, माझ्या पायाखालचं पॅडल खाली जायचं. निपल आवळला की "सोड".

एकदा 'सोड' यायच्या आधीच मी पाय उचलला. निपल उघडाच होता, हवा उलटी आत ओढली गेली. गिऱ्हाईक ताटकळत होतं. उस्ताद रागावले नाहीत. नळी पुसत म्हणाले, "मला तुझा पाय दिसत नाही रे. तुझ्या शब्दावर पाना फिरवतो." आणि त्याच चाकापासून पुन्हा सुरुवात केली.

आज चाकाशी मी बसतो. ज्या चाकाची नळी सगळ्यांत लांब, ते बहुधा आधी घ्यायचं. काही गाड्यांचा क्रम वेगळा असतो, तो कंपनीच्या पुस्तकात बघायचा. मास्टर सिलिंडरवरच्या डबीतलं ऑइल तळाला जाऊ द्यायचं नाही, नाहीतर वरून हवा शिरते. जुन्या गाडीत पॅडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवतो. पॅडल पार तळाला गेलं, तर मास्टर सिलिंडरचं रबर न घासलेल्या, गंजक्या भागावर जाऊन फाटतं.

बाटलीत काळपट ऑइल आलं, की गिऱ्हाइकाला बोलावून दाखवतो. हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं. नवं डॉट ४ दर्जाचं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही; पाणी मुरल्यावर ती हद्द १५५ अंशांपर्यंत उतरू शकते. पाचगणीहून सतत ब्रेकवर गाडी उतरवली, की ते तापतं, आत वाफ धरते आणि ऐन वळणावर पॅडल खाली बसतं. हे मी पाहिलेलं आहे. म्हणून ऑइल वेळेवर बदला, असं मी हात जोडून सांगतो.

बुडबुडे थांबले की इंजिन चालू करून पॅडल मिनिटभर दाबून धरतो. पाय हळूहळू खाली सरकला, तर मास्टर सिलिंडर किंवा एखादा जोड गळतोय. गाडी द्यायची नाही. पॅडल टणक राहिलं, तर पहिला ब्रेक मोकळ्या रस्त्यावर, सावकाश, मीच मारतो.

हल्ली सीटवर नवा पोरगा असतो. त्याचा पाय मला दिसत नाही. आतून "धरलंय" ऐकू येईपर्यंत मी पाना फिरवत नाही.